गट्टू बसवण्याआधी: गावोगावच्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
सरपंचताई, सरपंचभाऊ, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब,
तसेच जिल्हा परिषद शाळांचे गुरुजी आणि मॅडम,
जिल्हा बुलढाणा (घाटावरचे आणि घाटाखालचे, दोन्हीकडचे)

विषय: सार्वजनिक आवारातली उरलेली उघडी माती गट्टूखाली (म्हणजे पेव्हर ब्लॉकखाली) न घालता तिथे आपल्याच शिवारातली बुटकी रानफुलं बियांपासून वाढवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी लागला की ग्रामपंचायतीत दोन कामांची घाई सुटते, करवसुली आणि निधी खर्ची टाकणं. मार्चअखेर डोक्यावर असते आणि कमी दिवसांत डोळ्यांना दिसेल असं काम म्हटलं की गट्टू. शाळेसमोर गट्टू, दवाखान्यासमोर गट्टू, समाजमंदिरासमोर गट्टू, आता तर स्मशानभूमीच्या शेडभोवतीही गट्टू. जिथे पैसा थोडा जास्त आहे तिथे मंगल कार्यालयात पाहिलेलं लॉन आणायची हौस आहे. सगळेच गट्टू वाईट असं मला म्हणायचं नाही. पावसाळ्यात शाळेच्या दारातला चिखल तुडवत लेकरं वर्गात जातात, तिथे गट्टू हवेतच. हातपंपाभोवती, पाण्याच्या टाकीखाली, परिपाठाच्या रांगेच्या जागीही हवेत. माझं सांगणं आहे ते त्यापुढच्या जागेबद्दल. कुंपणालगतची पट्टी, खोल्यांच्या मागची बाजू, टाकीमागचा मुरमाड तुकडा, ही जागा "मोकळी पडली आहे" म्हणून तुम्ही झाकायला निघता.

मी घाटावरच्या एका गावात कांदा-बियाण्याचा प्लॉट घेते. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या बाजूला हे काम किती घरांत चालतं ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. या दिवसांत आमच्या वावरात पांढरे गोंडे उभे असतात आणि आम्ही सगळे मधमाशीची वाट पाहत असतो. कांद्याच्या फुलात नराचा भाग आधी पिकतो, त्याचा पराग झडून जातो आणि मग मादीचा भाग तयार होतो. त्यामुळे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या कामी येत नाही. तो दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावा लागतो आणि वाऱ्याच्या भरवशावर ते होत नाही. माशी फिरली नाही तरी गोंडा दिसायला भरगच्चच दिसतो. काढणीनंतर हातावर चोळला की नुसती फोलपटं उडतात.

म्हणून आम्ही काय काय नाही करत! मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतो. सकाळी ऊन आलं की बाया गोंड्यांवरून हात फिरवत ओळीने चालतात. कुणी गुळाचं पाणी शिंपडतं. या गुळाच्या पाण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. शिवारात माशीच नसेल तर ती नुसती मुंग्यांची पंगत होते.

माशी जानेवारी-फेब्रुवारीत कमी पडते, पण त्याचं कारण मागच्या पावसाळ्यात असतं. उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे झाडांचा बहर असतो. आधी पळस, मग कडुनिंब, करंज, चिंच. पाऊस लागला की झाडांची फुलं संपतात. चौफेर हिरवं दिसतं, पण ते बहुतेक पानच. सोयाबीनची फुलं इवलीशी, पानाआड आणि आपल्याच परागावर धरणारी. कपाशीला फूल यायला अजून वेळ असतो, तुरीला तर दिवाळीपर्यंत थांबावं लागतं. पेट्या पाळणारे या दिवसांना टंचाईचे दिवस म्हणतात आणि माश्यांना साखरेचा पाक देऊन जगवतात. रानातल्या सातेरी, फुलोरी या मधमाश्यांना, मातीत राहणाऱ्या छोट्या माश्यांना पाक कोण देणार? त्यांचं पोट या काळात घोट्याएवढ्या रानफुलांवर चालतं. ही फुलं पूर्वी गायरानात, पांदणीच्या कडेला आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, असायची. गायरान किती उरलं ते तुम्हीच जाणता, आणि धुऱ्यावर आता दरसाल तणनाशकाचा पंप फिरतो.

आमचेच काही कांदावाले भाऊ विचारतात की गावात इतकी रानफुलं झाली तर माश्या कांदा सोडून तिकडे जातील ना? प्रश्न रास्त आहे. माशीला कांद्याच्या मधाची मुळातच फार गोडी नसते, शेजारी दुसरं काही फुललं की ती तिकडे वळते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. पण मी म्हणते ती फुलं जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतची. जानेवारी उजाडेपर्यंत बहुतेक वाळलेली असतात. ओलाव्याला चार चुकार फुलं राहिली तर राहिली. पावसाळ्यात माशी जगवायची आणि कांदा फुलायच्या वेळी तिला मोकळी सोडायची, असा हा हिशेब आहे.

आणि हा हिशेब फक्त मध देणाऱ्या माशीपुरता नाही. जगात मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या 20,000 हून जास्त जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक पोळं करत नाहीत, एकेकट्या राहतात, आणि कित्येक जणी घर करतात ते मातीत. तुमच्या शाळेच्या झेंड्याच्या ओट्यामागे, जिथे मुरूम टाकायचा राहून गेला आहे, तिथे पावसाळा ओसरल्यावर वाकून पाहा. पेन्सिल जाईल एवढं गोल भोक दिसेल, भोवती बारीक मातीच्या कण्यांची गोल रास. मुंग्यांचं बीळ म्हणून आपण त्यावर पाय देतो. थोडं थांबलात तर पायांना पिवळी पूड फासलेली एक माशी येऊन सरळ आत शिरेल. पोटावर निळसर चमकते पट्टे असलेली एक माशी याच कुळातली. ती फुलाला मिठी मारून अंग थरथरवते आणि त्या थरथरीने वांग्याच्या, टमाट्याच्या फुलातला पराग खाली पडतो. या फुलांचा पराग मिठाच्या डबीसारखा टोकाच्या भोकातून बाहेर येतो आणि मधाच्या माशीला तो असा हलवून काढता येत नाही. आपल्या भरताच्या वांग्यामागे या माशीची मेहनत आहे आणि तिचं घर उघड्या मातीत आहे. तिथे गट्टू ठोकला की वर्षभराची पिल्लावळ आतच राहते. शिवाय या छोट्या माश्या फार लांब जात नाहीत, काही शे मीटरांत त्यांचा संसार. गावापासून दोन कोसांवर जंगल आहे, या गोष्टीचा त्यांना काही उपयोग नाही.

लॉनमधून यातलं काही मिळत नाही. गवताचा पराग वाऱ्यावर जातो, त्याच्या फुलात मध नसतो आणि लॉन म्हटलं की ते फुलायच्या आतच कापायचं. एप्रिल-मे महिन्यांत टँकर लावून लॉनला पाणी पाजणारी गावंही मी पाहिली आहेत, त्यावर जास्त बोलत नाही.

आता फुलं कोणती ते सांगते. त्यांतली बरीच तुम्ही रोज तुडवता, काही तर तुम्ही खाल्ली आहेत. पहिली चिवळ. उन्हाळ्यात बाजारात ढिगाने येते, निवडता निवडता बाया वैतागतात, पण बेसन लावून केलेली चिवळीची भाजी वऱ्हाडात कुणाला नको असते? ती जमिनीला चिकटून पसरते, पेरापेराला मूळ धरते आणि ऊन चढलं की चार पाकळ्यांची पिवळी फुलं उघडते. दुपार कलली की मिटते. तेवढ्या वेळात बारीक माश्यांची नुसती झुंबड असते. पायाखाली आली तरी मरत नाही, पाणी नसलं तरी तगते. लॉनला याहून चांगला पर्याय मला तरी माहीत नाही. तिची थोरली बहीण घोळ. घोळीवर एका फुलपाखराच्या अळ्या वाढतात. त्याचा नर काळा, पंखांवर पांढरे गोल ठिपके. मादी मात्र रुईवरच्या नारिंगी फुलपाखराची हुबेहूब नक्कल, कारण रुईवरचं ते फुलपाखरू विषारी आणि पाखरं त्याला चोच लावत नाहीत. चौथी-पाचवीच्या पोरांना हे एकदा दाखवा, पुस्तकातला धडा वेगळा शिकवायची गरज पडणार नाही.

मुरमाड, भरड जागेसाठी विष्णुक्रांत. आभाळी निळं, नखाएवढं फूल, सकाळी उघडतं आणि त्याच दिवशी संपतं. दुसऱ्या दिवशी दुसरं. त्याच जागेत भुईगुळी येते, लाल बारीक फुलांची, जमिनीसरपट. पातळ मातीच्या खडकाळ तुकड्यावर नभाळी, जिच्या फुलातले जांभळे केसर मखमलीसारखे असतात. काळ्या मातीत, जिथे उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे उंदीरकानी बघा. पान उंदराच्या कानासारखं, फूल पिवळं, आणि चटई अशी धरते की खालची माती वाहून जात नाही. हातपंपाच्या सांडपाण्याकडेला जलपिंपळी. सावलीच्या ओलसर कडेला आंबुशी, जिची आंबट पानं आपण सगळ्यांनी शाळेच्या वाटेवर खाल्ली आहेत. आंबुशीवर फिकट निळ्या, बोटाच्या पेराएवढ्या फुलपाखराची पिल्लं वाढतात. तिच्यासारखीच तीन पानांची, पण जांभळट फुलांची आणि बारीक शेंगांची एक असते, तिला रानमेथी म्हणतात. तुमच्याकडे नाव वेगळं असू शकेल. ही शेंगवर्गातली, मुळांवर गाठी असतात, त्यामुळे स्वतःचं नत्र स्वतः मिळवते. तिला खत घालायचं नाही. खरं तर या कुणालाच खत घालायचं नाही. शेणखत टाकलं की गवत आणि गाजरगवत माजतं, ही बारकी बिचारी खाली गुदमरतात. भुकेली माती यांना मानवते.

पाथरी भाजीलाही होते आणि फुलांनाही. तुंबा, ज्याला कुणी द्रोणपुष्पी म्हणतात, गुडघ्यापर्यंत वाढतो, म्हणून तो कुंपणाला लागून लावा. त्याच्या पांढऱ्या फुलांवर सकाळी जेवढ्या माश्या असतात तेवढ्या विकतच्या गुलाबावर कधी पाहायला मिळत नाहीत.

कशाला हात लावू नये तेही सांगायला हवं. केना फुलाला सुंदर, पण आपल्या आवारातून बाजूच्या सोयाबीनमध्ये गेला तर निंदणाची मजुरी कोण भरणार? तो आपणहून येईल तेवढा पुरे, मुद्दाम पेरू नका. सराट्याच्या पिवळ्या फुलावरही माश्या येतात, पण अनवाणी फिरणाऱ्या लेकरांच्या आवारात सराटा नकोच. लाजाळू काटेरी आणि परदेशी. कंबरमोडीही परदेशातलीच, पण आता इतकी घरची झाली आहे आणि फुलपाखरांना इतकी आवडते की आली तर राहू द्यावी, पेरायची गरज नाही. गाजरगवत आणि घाणेरी मात्र दिसली की मुळासकट काढायची, आणि तीही फुलायच्या आत. आणखी एक. दुकानात, फोनवर "रानफुलांचं मिश्र बियाणं" म्हणून चकचकीत पाकिटं मिळतात. त्यांत बहुतेक कॉसमॉससारखी बाहेरची फुलं असतात. नारिंगी कॉसमॉस आपल्याकडे रस्त्याकडेला कसा पसरत चालला आहे ते दिसतंच आहे. निधीतून ती पाकिटं विकत घेऊ नका. आपलं बी आपल्या धुऱ्यावर फुकट आहे.

ते गोळा करणं हे कसबाचं काम आहे आणि गावातल्या निंदणाऱ्या बायांइतकं ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. कोणतं झाड कुठे येतं, कधी फुलतं, कधी पिकतं, हे त्यांना बोटांनी कळतं. तेव्हा एखाद्या संस्थेला कंत्राट देण्यापेक्षा त्यांना मजुरी द्या. चिवळ आणि घोळ यांची बोंडं पिकली की वरचं झाकण आपोआप सुटतं आणि मोहरीहून बारीक काळं बी सांडतं, म्हणून बोंडाची वाट पाहत बसलं तर बी हातचं जातं. त्यापेक्षा फुलं-बोंडं दोन्ही असलेली झाडं उपटून जुन्या लुगड्यावर सावलीत पसरावीत. ही झाडं इतकी चिवट की उपटल्यावरही त्यांची बोंडं पिकत राहतात. काही दिवसांनी झटकलं की लुगड्यावर बी. विष्णुक्रांताची बोंडं तपकिरी झाली की हाताने खुडायची. रानमेथीच्या, भुईगुळीच्या शेंगा वाळल्या की चोळून घ्यायच्या. एका जागचं सगळं बी कधी उचलू नये, तिथलं तिथे पडायला हवं. जंगलखात्याच्या हद्दीत तर जाऊच नका, धुरे आणि पडीत पुरेसे आहेत. बी कागदाच्या पुडीत नाहीतर कापडी पिशवीत ठेवावं, पुडीवर नाव आणि जागा लिहून.

शेंगवर्गातल्या बियांचं कवच कडक असतं. तसंच पेरलं तर दहातलं एखाद-दुसरं उगवतं, बाकीचं मातीत पडून राहतं. पेरणीआधी ते दोन पॉलिश पेपरमध्ये धरून हलक्या हाताने घासावं. चकाकी गेली की बास, पीठ करायचं नाही. कुणी गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवतात, त्यानेही चालतं, पण पाणी जास्त कढत झालं तर बी शिजतं. मला घासणं बरं वाटतं.

पेरणीची वेळ. कपाशीची धूळपेरणी (पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी) करायची सवय असलेल्यांना वाटेल की रोहिणीतच बी फेकून मोकळं व्हावं. दुसऱ्या वर्षापासून तसं चालेल. पहिल्या वर्षी नाही, कारण त्या मातीत गाजरगवताचं आणि कुंद्याचं बी आधीच ठासून भरलेलं असतं. आधी जागेतली हराळी कुदळीने मुळासकट काढा. हराळीच्या चटईवर काहीही पेरलं तरी ते तिच्या पोटात जातं. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडू द्या. आठ-दहा दिवसांत जे तण हिरवं होईल ते पावशीने वरच्या वर खरडून टाका, खोल खणू नका, नाहीतर खालचं बी वर येईल. मग पेरा. एका गुंठ्याला मिश्र बी ओंजळभर पुरतं. ते घमेलंभर कोरड्या रेतीत मिसळलं की हाताला अंदाज येतो आणि पांढऱ्या रेतीमुळे कुठे पडलं, कुठे राहिलं तेही दिसतं. आधी उभं फेकायचं, मग आडवं. वरून माती लोटायची नाही. पायाने किंवा फळीने नुसतं दाबायचं. इतकं बारीक बी मातीखाली गेलं तर वर येत नाही. मुंग्या फार असतील तर रेतीत थोडी राख मिसळा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात. म्हणजे खरडणीचं काम शाळा उघडायच्या आत होतं आणि पेरणी लेकरांच्या हातून करता येते, हा योग आपल्याकडेच जुळतो.

पहिल्या वर्षी पट्टा विरळ, केविलवाणा दिसेल. कुणीतरी "पैसे पाण्यात गेले" म्हणेलच. सगळं बी एकदम उगवत नाही, हा रानाचा स्वभाव आहे. काही पुढच्या पावसासाठी दबा धरून राहतं. दुसऱ्या पावसाळ्यात भरणी होते.

यात माझी सगळ्यात मोठी अडचण आहे 15 ऑगस्ट. झेंडावंदनाच्या आदल्या आठवड्यात गावातली प्रत्येक शाळा "साफ" होते. नेमक्या त्याच दिवसांत ही फुलं भरात असतात आणि कटर जमिनीला टेकवून फिरवला जातो. दोन वर्षांपूर्वी एका गावात (नाव घेत नाही) विष्णुक्रांताने निळी झालेली अख्खी कड 13 ऑगस्टला जळून पिवळी पडलेली पाहिली. कापायला माणूस मिळाला नाही म्हणून तणनाशक मारलं, असं सांगण्यात आलं. झेंड्यासमोरची जागा स्वच्छ हवी, यात वाद नाही. कडेच्या पट्ट्याला मात्र वेगळा नियम लावा. कटरचं पातं जमिनीपासून चार बोटं वर धरा. उंच गवताचे शेंडे छाटले जातात, खालच्या चिवळ, रानमेथी, विष्णुक्रांताला धक्का लागत नाही, उलट त्यांना ऊन मिळतं. आवार नीटनेटकं दिसतं आणि फुलंही राहतात. दुसरी कापणी दिवाळी उलटल्यावर, बी झडून गेल्यानंतर. वर्षाला दोन कापण्या, संपला विषय.

गाडगेबाबांचा हा मुलूख. हातात खराटा घेऊन त्यांनी गावं झाडली, त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघालं, आपल्या कितीतरी गावांनी त्यात बक्षिसं मिळवली. त्या खराट्याचा रोख उकिरड्यावर आणि नालीवर होता. हिरवं दिसलं की ते घाणीत धरायचं, ही रीत नंतर कुठून तरी शिरली. पाहणीला साहेब येणार म्हटलं की आपण प्लॅस्टिक एका कोपऱ्यात लोटतो आणि फुलं उपटतो.

साप निघेल, हा दुसरा आक्षेप. साप उंच गवतात, विटांच्या ढिगात, तुराट्यांच्या गंजीत दबतो. घोट्याएवढ्या उघड्या झाडोऱ्यात त्याला लपायला फारशी जागा नसते. तरी वर्गाच्या ओसरीपासून पट्टा दोन-तीन हात लांब ठेवा आणि मधली जागा झाडलेली ठेवा. डासांची पैदास साचलेल्या पाण्यात होते, त्यासाठी टायर आणि फुटकी मडकी उचला. मधमाशी चावेल म्हणाल, तर पोळ्यावरची आग्या वेगळी आणि फुलावर बसलेली माशी वेगळी. मातीत राहणाऱ्या एकट्या माश्यांना राखायला पोळंच नसतं, त्यामुळे हातात पकडून दाबल्याशिवाय त्या डंख मारत नाहीत.

तणनाशकाबद्दल मात्र मी मवाळ बोलणार नाही. केंद्र सरकारने 2022 च्या ऑक्टोबरात अधिसूचना काढून ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांशिवाय कुणी करू नये असं म्हटलं. आणि आपल्याकडे शाळेचा शिपाई, तोंडाला रुमालही न बांधता, लेकरं खेळतात त्या मातीवर तेच औषध मारतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. ती औषधं वेगळी होती, कीटकनाशकं होती, हे मला ठाऊक आहे. पण पंप पाठीवर घेणारा माणूस त्याच परिस्थितीतला असतो आणि बाटलीवरची बारीक अक्षरं त्यालाही कुणी वाचून दाखवत नाही. वावरात काय मारायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न, तिथे मजुरीचं गणित मलाही सुटलेलं नाही. शाळेच्या आवारात हे गणितच येत नाही.

यासाठी नवा कायदा किंवा नवी योजना मागायची गरज नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली तेव्हा नोंदवह्यांची केवढी धावपळ झाली होती ते भाऊसाहेबांना आठवत असेल. ती वही कपाटातून काढा. तिच्यात मोठी झाडं असतील, चिवळ आणि विष्णुक्रांत आहेत का तेवढं बघा. नसतील तर निंदणाऱ्या चार बायांना चहाला बोलवा आणि त्या सांगतील ते लिहून घ्या. माझी वसुंधरा अभियानात 2020 पासून आपण झाडं लावतो, फोटो पाठवतो, गुण मिळवतो. त्याच कामात हा पट्टा बसतो. शिवाय झाडासारखं याला ट्री गार्ड लागत नाही आणि उन्हाळ्यात टँकरही लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या मांघर गावाचं 2022 पासून "मधाचे गाव" म्हणून नाव झालं, तेव्हापासून आपल्याकडेही पेट्या वाटायची भाषा ऐकू येते. पेट्या जरूर वाटा, पण आधी जुलै-ऑगस्टात त्या माश्या खातील काय ते ठरवा.

1 मेच्या ग्रामसभेत मांडता यावा म्हणून ठरावाचा मसुदा लिहून देते. शब्द तुम्ही बदलू शकता.

"ग्रामपंचायतीच्या ताब्यातील शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी व स्मशानभूमी यांच्या आवारात कुंपणालगत किमान सहा फूट रुंदीचा पट्टा उघड्या मातीचा राहील. त्यावर गट्टू, काँक्रीट किंवा तणनाशक वापरले जाणार नाही. पट्ट्यात स्थानिक रानफुलांचे बी पेरण्यात येईल. गाजरगवत व घाणेरी फुलोऱ्यापूर्वी उपटण्यात येईल. पट्ट्याची कापणी वर्षातून दोनदा, जमिनीपासून चार बोटे उंची राखून होईल. बी गोळा करणे, खरडणी व पेरणी यांची मजुरी गावातील महिलांना देण्यात येईल. पट्ट्यातील वनस्पतींची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत घेण्यात येईल."

ज्यांचं गट्टूचं इस्टिमेट आधीच मंजूर झालं आहे त्यांनी निदान कुंपणाकडेचे सहा फूट त्यातून वगळावेत. तेवढ्याने बिल थोडं कमी होईल आणि कंत्राटदार थोडा नाराज होईल, ते तुम्ही सांभाळून घ्याल.

आमच्या बचत गटाकडे चिवळ, घोळ, विष्णुक्रांत आणि रानमेथी यांचं बी साठवलेलं आहे. एकेका गावाला गुंठाभराच्या पट्ट्यापुरतं देऊ, पैसे घेणार नाही. रोहिणी लागायच्या आत या. प्लॅस्टिकची पिशवी आणू नका, बी घामेजतं. कापडी आणा. शेंगवर्गातलं बी घासून देऊ की तसंच हवं ते आधी कळवा. आणि परतफेड दिवाळीनंतर, जुन्या रीतीप्रमाणे दीडीने (नेलं त्याच्या दीडपट), कारण पुढच्या वर्षी घाटाखालच्या गावांनाही द्यायचं आहे.

आपली,
घाटावरची एक कांदा-बियाणं उत्पादक शेतकरी